धम्मयात्रा आणि कोकणातील वस्तुसंग्रहालये

(पुण्यातील एका बुद्धविहारात वर्षावासाच्या काळात दिलेले व्याख्यान वाचकांसाठी येथे लेखरूपाने देत आहे.)



वर्षावास संपत आला, की आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांना सुट्टीचे वेध लागतात. ताम्हिणीचा अगर वरंधचा घाट उतरावा, दोन दिवस समुद्रकाठी राहावे, मासळीचे जेवण करावे, मुलांना वाळूत खेळू द्यावे आणि काजू-कोकम घेऊन पुण्यास परतावे, असा हा क्रम आहे. यात गैर असे काहीच नाही. श्रम करणाऱ्या माणसाला विश्रांतीचा हक्क आहे. ज्यांच्या पणजोबांना वेशीबाहेर जाण्यासाठीही पाटलाची परवानगी लागे, त्यांची पतवंडे आज आपल्या इच्छेने प्रवास करतात, ही समाधानाचीच गोष्ट आहे.

परंतु आज मला आपणांस एक प्रश्न विचारावयाचा आहे. ज्या रस्त्याने आपली मोटार समुद्राकडे धावते, त्याच रस्त्याच्या कडेला डोंगरात आपल्या धम्माचा इतिहास कोरलेला आहे. ज्या शहरांत आपण जेवणासाठी थांबतो, त्याच शहरांतील संग्रहालयांत त्या इतिहासाचे पुरावे ठेवलेले आहेत. त्यांच्यासमोर उभे राहण्यासाठी आपण कधी तासभर तरी काढला आहे काय? आणि काढला असल्यास, जे पाहिले त्याचा अर्थ मुलांना सांगता आला काय?

मी वकिलीचा व्यवसाय करणारा मनुष्य आहे. कोर्टात नुसते सत्य सांगून भागत नाही; सत्याला पुरावा लागतो. समाजाचेही तसेच आहे. ज्या समाजाजवळ आपल्या भूतकाळाचा पुरावा नसतो, त्याच्याविषयी कोणीही काहीही लिहावे आणि त्याने ते मुकाट्याने ऐकावे, अशी त्याची अवस्था होते. म्हणून वस्तुसंग्रहालय हे माझ्या दृष्टीने करमणुकीचे स्थान नसून समाजाचे दप्तर आहे. ते दप्तर कसे वाचावे, आणि त्यात आपली भर कशी घालावी, हे सांगण्यासाठी मी आज आपल्यासमोर उभा आहे.

अशोकाने सांगितलेली यात्रा

या विषयाची सुरुवात कोकणातूनच होते. ठाण्याच्या उत्तरेस, वसईजवळ, नालासोपारा नावाचे गजबजलेले शहर आहे. प्राचीन काळी हेच शूर्पारक बंदर. येथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. या आठव्या लेखाचा विषय काय आहे, ते पाहा. अशोक सांगतो, की पूर्वीचे राजे विहारयात्रेस जात. येथे विहार म्हणजे मौज. शिकार आणि तत्सम करमणूक यांसाठी निघालेली ती यात्रा होती. अभिषेकाला दहा वर्षे झाली तेव्हा अशोक संबोधीस, म्हणजे बोधगयेस गेला आणि तेथून धम्मयात्रा सुरू झाली. श्रमण-ब्राह्मणांची भेट व त्यांना दान, वृद्धांची भेट व त्यांना मदत, जनपदातील लोकांचे दर्शन आणि त्यांच्याशी धम्माविषयी बोलणे, ही त्या यात्रेची अंगे होती. यात जो आनंद आहे तो पूर्वीच्या यात्रांत नव्हता, असे तो राजा म्हणतो.

बंधुभगिनींनो, सव्वादोन हजार वर्षांपूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर, जेथे परदेशची गलबते लागत, तेथे हा लेख कोरला गेला. प्रवास कशासाठी करावा, याचे याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

याच सोपाऱ्याच्या परिसरात, भुईगाव येथे, अशोकाच्या नवव्या लेखाचा तुकडा सापडला तो १९५६ साली. ज्या वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरास बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, तेच हे वर्ष. हा योगायोग आहे; त्यात चमत्कार शोधू नये. पण त्या लेखाचा आशय आपल्या घरांना इतका लागू आहे, की तो सांगितल्यावाचून राहवत नाही. आजारपणात, लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासास निघताना लोक नाना प्रकारचे मंगलविधी करतात. त्यांचे फळ अल्प असते. खरे मंगल धम्माचे, आणि ते दास-सेवकांशी नीट वागण्यात, गुरुजनांचा आदर करण्यात, प्राण्यांविषयी संयम बाळगण्यात व दान देण्यात आहे, असे अशोक सांगतो. निरर्थक विधी विशेषतः स्त्रिया करतात, असेही त्या लेखात म्हटले आहे. आजच्या पुरुषांनी मात्र तेवढ्यावर हसून मोकळे होऊ नये. मुलाच्या लग्नाला मुहूर्त कोण काढतो, नव्या मोटारीला लिंबू-मिरची कोण बांधतो, याचा प्रामाणिक हिशेब प्रत्येकाने आपल्या घरी करावा.

सोपाऱ्याचा अशोकलेख मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, म्हणजे पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, पाहावयास मिळतो. मुलांना तेथे न्या. ब्राह्मी लिपीतील एक अक्षरही त्यांना वाचता आले नाही तरी चालेल. ‘या दगडावर यात्रेविषयी लिहिले आहे, आणि आज आपण त्याच यात्रेस आलो आहोत,’ एवढे त्यांना सांगा.

नाव हरवले म्हणजे काय होते

१८८२ सालीच भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याची एक टेकडी खणली. गावातील लोक त्या टेकडीला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. कोण हा बुरूड राजा, कोणासही ठाऊक नव्हते. टेकडीच्या पोटात विटांचा स्तूप निघाला. स्तूपात दगडी करंडक होता. त्यात एकात एक ठेवलेल्या धातूंच्या डब्या होत्या, सोन्याची फुले होती, मातीच्या भांड्याचे तुकडे होते, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते आणि आठ लहान मूर्ती होत्या: सात बुद्धांच्या आणि आठवी मैत्रेयाची. हा ठेवा मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या ताब्यात आहे. तो पाहावयाचा असल्यास जाण्यापूर्वी तेथे चौकशी करावी.

ते मातीचे तुकडे भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे, असे भगवानलालांनी मानले. आपण त्यावर विश्वास ठेवलाच पाहिजे काय? कालामांना तथागतांनी केलेला उपदेश आपण जाणता. परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, मोठ्या माणसाने सांगितले म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नये. हीच कसोटी संग्रहालयातील वस्तूला आणि तिच्याखालच्या पाटीलाही लावावी. ते तुकडे कोणत्याही पात्राचे असोत. प्राचीन काळी कोकणच्या माणसांनी ते इतक्या आदराने सोन्याच्या फुलांसह जपून ठेवले, एवढे तरी निर्विवाद आहे. आपल्याला तेवढे पुरे.

पण ‘बुरूड राजाचा कोट’ या नावाचा विचार करा. स्तूप उभा होता, त्याच्या विटा जागच्या जागी होत्या, आसपास वस्ती होती. फक्त नाव हरवले होते. महाडजवळ गांधारपाले येथे मुंबई-गोवा रस्त्याच्या अगदी कडेला डोंगरात बौद्ध लेण्यांची रांग आहे. लोक तिला पांडवलेणी म्हणतात. दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजी येथे २९ लेणी आहेत. ती आधी बौद्ध भिक्खूंची होती, पुढे वज्रयान पंथाची झाली, आणि त्यानंतर नाथपंथीयांनी तेथे आपल्या मूर्ती कोरल्या. एकाच खडकावर वर्षानुवर्षांचे हे थर आपल्याला दिसतात. सातबाराच्या उताऱ्यावरून नाव गेले, की कुळाचे काय होते, हे आपल्यापैकी शेती असलेल्यांना सांगावयास नको. इतिहासाच्या उताऱ्याचेही तसेच आहे. मात्र येथे एक इशारा देतो. आपल्याला नाव पुन्हा लावावयाचे आहे. दुसऱ्याचे नाव खोडावयाचे नाही. ही लेणी साऱ्या राष्ट्राची आहेत. पन्हाळेकाजीस जाल तेव्हा नाथपंथीयांच्या लेण्यांतही तितक्याच आदराने वावरा.

दान देणारे कोण होते

आता लेण्यांतील लेखांकडे वळू. राजे-महाराजांनी लेणी कोरवून घेतली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. राजपुरी खाडीजवळच्या कुडे लेण्यांतील लेख ती समजूत दूर करतात. तेथील दात्यांत माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्य आहे. प्रव्रजित स्त्री आहे. एका ब्राह्मण उपासकाची पत्नी आहे आणि तिने चैत्यगृह दिले आहे. कान्हेरीच्या लेखांत सोपाऱ्याचा मणिकार आहे, कल्याणचा सोनार आहे. या सोनाराने संघाला काय दिले? पाण्याचे टाके.

या टाक्यांपाशी मी आपणांस जरा थांबविणार आहे. कोकणात पाऊस उदंड. पण तो ओसरला, की डोंगरावर पाण्याचा थेंब नाही. म्हणून लेणे कोरताना शेजारी खडकात टाके खोदीत, आणि पाण्याचे दान हे मोठे दान समजत. गांधारपाल्याच्या लेखात विष्णुपालित नावाच्या राजकुमाराचे दान नोंदलेले आहे: लेणे, चैत्यगृह, भिक्खूंच्या आठ खोल्या आणि पाण्याची टाकी. हे दान शिलेवर कोरून ठेवले, कारण ते कोणी नाकारू नये.

त्या लेण्यांतून खाली पाहिले म्हणजे महाडचा परिसर दिसतो. आता आपण डोंगर उतरून त्या गावात जाऊ.

महाडचे पाणी आणि महाडचे कागद

महाडचा संग्राम आपण दरवर्षी २० मार्चला आठवता. पण त्याची कागदोपत्री बाजू नव्या पिढीला ठाऊक नसते, म्हणून ती क्रमाने सांगतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला: सरकारी खर्चाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. १९२७ च्या मार्च महिन्यात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० तारखेस बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले. नगरपालिकेने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा तळे खासगी मालकीचे असल्याचा दावा सवर्ण मंडळींनी महाडच्या कोर्टात दाखल केला आणि मनाई हुकूम मिळविला. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जाणे मात्र बाबासाहेबांनी कोर्टाच्या हुकमाचा मान राखून स्थगित केले.

मग जवळजवळ दहा वर्षे दावा चालला. खालच्या कोर्टात वादी हरले, अपिलात हरले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टानेही त्यांचे अपील फेटाळले. कशाच्या आधारावर? तळे वादींच्या मालकीचे असल्याचे शाबीत झाले नाही; आणि अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासूनची असल्याचा पुरावाही त्यांना देता आला नाही. उपासकहो, ‘असेच चालत आले आहे’ या शब्दांनी आपल्या वाडवडिलांचे तोंड पिढ्यान्‌पिढ्या बंद केले होते. कोर्टाने विचारले, ‘केव्हापासून? दाखवा.’ आणि दाखविता आले नाही.

गांधारपाल्याच्या डोंगरावर पाण्याचे दान दगडात नोंदलेले आहे. पाणी नाकारण्याच्या रूढीला मात्र कोर्टासमोर कागदाचा टिकेल असा तुकडा मिळाला नाही. मुलांना घेऊन महाडला जा. सकाळी लेणी पाहा, दुपारी तळ्यावर जा, तेथील बाबासाहेबांचे राष्ट्रीय स्मारक पाहा, आणि हे दोन पुरावे त्यांच्यासमोर शेजारी शेजारी ठेवा. पाठ्यपुस्तकाच्या दहा धड्यांनी होणार नाही ते त्या एका दिवसाने होईल.

पाहण्याचा हक्क

इतिहासाचे स्थळ पाहणे ही सर्वांना सहज मिळालेली गोष्ट नव्हती, याचाही विसर पडू देऊ नये. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहावयास गेले. दाराजवळच्या हौदावर त्यांच्या मंडळींनी हातपाय धुतले. त्यावरून हौद बाटविला म्हणून गर्दी अंगावर धावली, आणि पुढे किल्ला पाहताना कोठेही पाण्यास शिवू नये म्हणून बरोबर शिपाई देण्यात आला. हा प्रसंग बाबासाहेबांनीच लिहून ठेवला आहे. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे पुढे अध्यक्ष झालेले गृहस्थ बारा-तेरा वर्षांपूर्वी एका जुन्या किल्ल्यात अशा पहाऱ्याखाली फिरले.

आज कायदा कोठे आहे? संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक करमणुकीची स्थाने, विहिरी, तलाव, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून मज्जाव करण्यास बंदी केली. १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने ती पाळणे हा दंडनीय गुन्हा ठरविला. हाच कायदा १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो. २९ व्या अनुच्छेदाने आपली भाषा, लिपी, संस्कृती जतन करण्याचा हक्क नागरिकांच्या प्रत्येक विभागाला दिला.

हक्काबरोबर कर्तव्य येते. देशाच्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे ५१-क अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित लेण्यांत भिंतीवर नाव कोरणे, रंग फासणे, मूर्तीचा भाग तोडणे हा १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली गुन्हा आहे. त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात. कोणी म्हणेल, ‘मी माझे नाव लिहीत नाही, मी जय भीम लिहितो.’ त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे, की जय भीम आचरणात लिहावे. दोन हजार वर्षांच्या लेखावर खडू ओढणारा मनुष्य आपल्याच पक्षाचा दस्तऐवज फाडीत असतो.

शेतात, पाया खणताना अगर विहीर उपसताना जुनी मूर्ती, नाणी वा कोरीव दगड सापडला तर? तो देव्हाऱ्यात ठेवू नये, व्यापाऱ्याला विकू नये, आणि भीतीने पुन्हा पुरूनही टाकू नये. जमिनीत सापडलेल्या ठेव्याविषयी १८७८ पासून कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे हे सापडणाऱ्याचे कर्तव्य आहे. अर्जाची पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी.

रत्नागिरीचा बौद्ध राजा

महाडहून दक्षिणेस रत्नागिरीपर्यंत जाणाऱ्यांनी तेथील थिबा राजवाडा अवश्य पाहावा. या वाड्यात शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. थिबा हा ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा, धर्माने बौद्ध. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले आणि १८८६ मध्ये त्याला कुटुंबासह रत्नागिरीस आणून ठेवले. हा वाडा १९१० साली तयार झाला. १९१६ च्या डिसेंबरात राजा तेथेच वारला. त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे.

या वाड्यात फिरताना राजवैभवाचे कौतुक करीत बसू नका. आपला धम्म राजांच्या वैभवावर उभा नाही. दुसरीच एक गोष्ट ध्यानात घ्या. तीस वर्षे एक बौद्ध कुटुंब कोकणात राहत होते, आणि त्याच काळात त्याच जिल्ह्यात आपले लोक गावकुसाबाहेर होते. दापोलीस पेन्शनर सैनिकांची वस्ती होती. त्यांतील गोपाळबाबा वलंगकर अस्पृश्यतेविरुद्ध लिहीत होते, अर्ज करीत होते. सुभेदार रामजी निवृत्तीनंतर काही काळ तेथेच राहिले. बाल भीमराव त्यांच्याबरोबर होते. कोकणातल्या अस्पृश्यांचा आणि ब्रह्मदेशाच्या धम्माचा संबंध जुळावयास मात्र अर्धे शतक जावे लागले. १९५४ च्या डिसेंबरात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले, आणि १९५६ साली नागपुरास ज्यांनी त्यांना दीक्षा दिली ते चंद्रमणी महास्थविर मूळचे ब्रह्मदेशाचेच. वाड्यातील पाटीवर हा दुवा लिहिलेला असो वा नसो, तो आपण आपल्या मुलांना सांगावयाचा आहे.

काय विचारावे

कोणतेही संग्रहालय पाहताना चार प्रश्न बरोबर न्यावेत.

पहिला: ही वस्तू कोणी घडविली? तलवार ज्या राजाची, त्याचे नाव पाटीवर असते. पोलाद तापविणाऱ्या लोहाराचे नसते.

दुसरा: ही वस्तू येथे कशी आली? दान म्हणून, उत्खननातून, की लुटीतून? गोव्यातील कोलवाळ येथे फादर हेरास यांना सापडलेली बुद्धमूर्ती आज मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात, हेरास संस्थेच्या संग्रहात आहे. वस्तूचा प्रवास समजला, म्हणजे तिचे मूळ गावही समजते.

तिसरा: येथे कोण दिसत नाही? गणपतीपुळ्याजवळ ‘प्राचीन कोकण’ नावाचे उघड्यावरचे संग्रहालय आहे. जुना गावगाडा तेथे पुतळ्यांच्या रूपाने मांडला आहे. असे देखावे राज्यात ठिकठिकाणी आहेत. तेथे कुंभार, सुतार, न्हावी पाहून झाले, की विचारा: गावकुसाबाहेरची वस्ती कोठे आहे? पाणवठे किती दाखविले आहेत, एक की दोन? नसेल तर रागावू नका. अभिप्रायाच्या वहीत सभ्य भाषेत, नावगावासह लिहा. वहीतील एका नोंदीने काही होत नाही. शंभर नोंदींनी होते.

चौथा: या पाटीवरील विधानास आधार काय? हाच प्रश्न आपल्या बाजूच्या विधानांनाही विचारा. अतिशयोक्तीने आपला पक्ष बळकट होत नाही; उलटतपासणीत तो तुटतो.

आपल्या घरातील दप्तर

आता अखेरचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. संग्रहालये इतरांनी भरावीत आणि आपण जाऊन पाहावीत, एवढ्याने आपले काम होत नाही. आपल्या घरांत काय आहे?

एखाद्या घरी दीक्षाभूमीवरचा १९५६ चा फोटो आहे. एखाद्या घरी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची चार आण्यांची पावती, समता सैनिक दलाचा बिल्ला, ‘जनता’ अगर ‘प्रबुद्ध भारत’ यांचा वाळवी लागलेला अंक आहे. आजोबांचे सैन्यातील डिस्चार्जचे पत्र आहे. आजीला बाबासाहेबांवरची जात्यावरची गाणी येतात. घर बदलताना, रंग देताना हे सारे रद्दीत जाते. आणि आजी गेली, की गाणी जातात.

याची व्यावहारिक किंमतही ऐका. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या सवलती कायम झाल्या. परंतु जात पडताळणी समितीसमोर कुटुंब उभे राहते, तेव्हा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वास्तव्याचे आणि जातीचे पुरावे मागितले जातात. पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा, गावच्या कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचा जुना कागद: यांपैकी एक जरी हाती असेल, तर मुलीचा वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेश वाचतो. नसेल, तर बाप तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवितो. असे बाप मी रोज पाहतो.

आणखी एक नाजूक गोष्ट. दीक्षेनंतर अनेकांनी घरातील देवांचे टाक विसर्जित केले. पूजा सोडली, हे बावीस प्रतिज्ञांना धरून योग्यच झाले. पण त्याबरोबर वेसकराची घुंगुरकाठीही पुष्कळांनी जाळून टाकली. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली, आणि लोकांनी त्या गुलामीची खूणही घरात ठेवली नाही. त्यांची भावना मी समजू शकतो. मुलाने विचारले, ‘ही काठी कशाची?’ तर काय सांगावे, ही लाज त्यांना होती. परंतु फौजदारी कोर्टात ज्या हत्याराने गुन्हा घडला, ते हत्यार जप्त करून, मोहोर लावून जपून ठेवतात. त्याला मुद्देमाल म्हणतात. तो जपतात म्हणून कोणी त्याची पूजा करीत नाही, आणि त्याची लाज ज्याच्यावर घाव झाला त्याला वाटत नाही. ती आरोपीस वाटावयाची असते. ज्या कोणा घरात ती काठी अजून माळ्यावर पडून असेल, त्यांनी ती जाळू नये. ती आपल्यावरील अन्यायाचा मुद्देमाल आहे.

इतर देशांतील पीडितांनी हे ओळखले आहे. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन हेही एक बंदराचे शहर. तेथील डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती १९६६ साली गोऱ्यांसाठी राखीव ठरवून साठ हजारांहून अधिक लोकांना हुसकून लावले आणि घरे पाडली. १९९४ मध्ये त्याच लोकांनी संग्रहालय उभारले. पाडलेल्या रस्त्यांच्या पाट्या तेथे टांगल्या आहेत आणि जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा काढला आहे. जुने रहिवासी येऊन आपले घर जेथे होते तेथे नाव लिहितात.

आपल्याकडेही उदाहरणे आहेत. नागपूरजवळ चिचोली येथील शांतिवनात वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जपल्या. आपल्या पुण्यात सेनापती बापट मार्गावरील सिंबायोसिसच्या संग्रहालयात माईसाहेबांनी दिलेल्या वस्तू आहेत: बाबासाहेबांचे व्हायोलिन आहे, ज्या पलंगावर त्यांनी अखेरचा श्वास घेतला तो पलंग आहे. कोकणात जाणे ज्यांना यंदा परवडणार नाही, त्यांनी आपली धम्मयात्रा तेथूनच सुरू करावी.

म्हणून तीन कामे आपल्यावर सोपवून मी आपली रजा घेतो. यंदाच्या सुट्टीत निदान एक लेणे आणि एक संग्रहालय कुटुंबासह पाहा. बहुतेक शासकीय संग्रहालये सोमवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवा. परत आल्यावर घरातील सर्वांत वडील माणसाजवळ वही घेऊन बसा: मूळ गाव कोणते, पाणवठा कोठे होता, दीक्षा केव्हा व कोठे घेतली, हे तारीखवार लिहून घ्या. आणि घरातील जुने कागद व फोटो एका पत्र्याच्या पेटीत, कोरड्या जागी, यादी करून ठेवा. यादीची एक प्रत विहारात द्या.

कल्याणच्या त्या सोनाराने पाण्याचे टाके दिले आणि शेजारी आपले नाव कोरले. आपले नाव कोरण्यासाठी आपल्याला डोंगराची गरज नाही. वही पुरेशी आहे. मात्र ते लिहिण्याचे काम दुसरा कोणी आपल्यासाठी करील, या भरवशावर एक वर्षही घालवू नका.

जय भीम.